मॅट्रिकनंतर पुढं काय?

एटापल्लीतलं पोरगं बारावी पास झालं की घरात आनंद होतो. पण खरा प्रश्न निकालानंतरच येतो. पुढं काय?

हाच प्रश्न रामजीबाबांच्या घरीही होता. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. सत्कार सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनीच खटपट करून सयाजीराव महाराजांशी गाठ घालून दिली. महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले, १९१३ साली कोलंबियाला गेले.

आपल्याला मिळालेला आधार बाबासाहेबांनी पुढं सर्वांसाठी उभा केला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी आग्रह धरला आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं.

१९८२ साली आपला गडचिरोली जिल्हा झाला, २०११ साली गोंडवाना विद्यापीठ आलं. वाटा झाल्या, पण वाट दाखवणारा माणूस लागतोच. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वसतिगृहाचा अर्ज यांची तारीख हुकली तर हुशार पोरीचंही वर्ष जातं.

म्हणून बंधू-भगिनींनो, आपल्यातल्या शिकलेल्यांनी निकालाच्या आठवड्यात विहारात बसावं. शेजारच्या एका तरी मुलाचे केळुसकर गुरुजी व्हावं. जयभीम!