सुईचे ओझे

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. ग्रामोफोनच्या सुईलाही इतिहास आहे आणि जुनी तबकडी वाचवायची असेल तर तो ठाऊक असावा लागतो, असे आम्हांस वाटते.

प्रारंभ आपल्या रानापासूनच करू. केळापूरच्या आसपास वसंतात पळस फुलतो. पळस, बोर, कुसुम या झाडांवर एक लहानसा कीटक लाख निर्माण करतो, आणि मिनिटाला ७८ फेरे घेणारी काळी तबकडी याच लाखेत दगडाची पूड व काजळी मिसळून बनत असे. १९०२ साली गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले, १९०८ साली तेथेच तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि पुढे बालगंधर्वांची पदे व अब्दुल करीम खाँसाहेबांची ख्यालगायकी तीन-तीन मिनिटांच्या मापात घरोघर पोहोचली. यंत्र चावीवर चाले. वीज नसलेल्या गावातही गाणे आले, ते त्यामुळे.

त्या यंत्राचे डोके शंभर ग्रॅमांहून जड असे. एवढा भार पोलादी सुईच्या टोकावर पडे. तबकडीतील दगडाची पूड सुईलाच झिजवून खाचेच्या आकाराची करी. म्हणून एक बाजू वाजली की सुई टाकावी, असा दंडक होता. काटकसरी माणसे तीच सुई पुन्हा पुन्हा लावीत. सुईचा पैसा वाचे, पण तबकडीतील स्वर खरवडले जात.

१९३० नंतरच्या दशकात विजेवर चालणारे स्फटिकाचे कार्ट्रिज आले. दाब पडताच रोशेल लवणाचा स्फटिक वीज निर्माण करतो, हे त्याचे तत्त्व. ते स्वस्त होते आणि आवाज मोठा देई. परंतु दमट हवा त्यास सोसत नसे, आणि सुमारे पंचावन्न अंशांवर तो स्फटिक कायमचा निकामी होई. वैदर्भीय वैशाखात उन्हात ठेवलेल्या बंद पेटीचा विचार करा! पुढे सिरॅमिक कार्ट्रिजने हा दोष बराच दूर केला.

१९४८ साली अमेरिकेत सूक्ष्म खाचेची, तेहतीस फेऱ्यांची विनाईल तबकडी निघाली. जुन्या खाचेस सुमारे ७५ सहस्रांश मिलिमीटर त्रिज्येचे टोक लागे, तर नवीस १८ ते २५. जाड टोक बारीक खाचेत बसत नाही. बारीक टोक जुन्या खाचेत तळाला टेकून खरखरते. १९५८च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांत सुई आडवी तशी उभीही हलावी लागते. जुन्या एकसुरी कार्ट्रिजची ताठ सुई ही उभी लहर घासून टाकते.

याच काळात चुंबकीय कार्ट्रिज रूढ झाले. त्याचा भार दीड ते तीन ग्रॅम. मात्र त्याची वीज काही सहस्रांश व्होल्ट एवढीच, म्हणून वेगळा पूर्ववर्धक लागतो. सिरॅमिकसाठी बांधलेल्या जुन्या यंत्रात नुसते चुंबकीय कार्ट्रिज बसविले, तर आवाज कानापर्यंत येणारच नाही.

मग थोड्या पैशांत निवड कशी करावी? आमचा क्रम असा: आधी तबकडी पाहावी, मग यंत्राचा दांडा, आणि किंमत शेवटी. दांड्याचा भार दोन-तीन ग्रॅमांपर्यंत उतरवता येत नसेल, तर यंत्रास मुळात होते तसेच सिरॅमिक कार्ट्रिज ठेवावे, सुई तेवढी नवी घालावी, आणि त्यावर दुर्मिळ स्टीरिओ तबकडी वाजवू नये. दांडा हलका असेल, तर शंक्वाकार सुईचे साधे चुंबकीय कार्ट्रिज पुरेसे. शुअर कंपनीने २०१८ साली हा व्यवसाय सोडला. परंतु त्याच वर्षी जपानच्या ऑडिओ-टेक्निकाने अशी मालिका काढली की एकाच कार्ट्रिजला विनाईलची सुई काढून ७८ फेऱ्यांची जाड सुई लावता येते. दोन्ही प्रकारच्या तबकड्या बाळगणाऱ्या गृहस्थास हाच मार्ग परवडणारा. सुई बदलताना भार मात्र पुन्हा जुळवावा. जाड सुईस तो अधिक लागतो.

मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी संस्था स्थापन केली. अनेक गायकांचा आवाज आज केवळ या तबकड्यांतच उरला आहे. नाटकाची संहिता पुन्हा छापता येते; खरवडलेली खाच मात्र पुन्हा भरता येत नाही. म्हणून पांढरकवड्याच्या एखाद्या माळ्यावर जुनी पेटी सापडली, तर तिच्यातली गंजकी सुई तबकडीवर टेकवून पाहण्याचा मोह आधी आवरावा, एवढीच आमची विनंती.