मलाशयाची शस्त्रक्रिया आणि चेतांची वाट

पचनसंस्थेची आकृती आपण दरवर्षी फळ्यावर काढतो. जठर, लहान आतडे, मोठे आतडे, मलाशय, गुदद्वार अशी नावे दिली की आकृती पूर्ण झाली असे मुलांना वाटते. मोठ्या आतड्याला रक्त कोठून मिळते आणि मलाशयाला लागून कोणत्या चेता जातात, हे त्या आकृतीत नसते. परीक्षेत त्याने काही अडत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र अडते. ते नेमके कोठे अडते हे उमगायला शल्यचिकित्सकांना जवळजवळ सगळे विसावे शतक लागले.

प्रथम रक्तपुरवठा पाहू. महारोहिणीपासून निघणाऱ्या दोन रोहिण्या मोठ्या आतड्याला रक्त देतात. वरची रोहिणी मुख्यतः उजव्या व आडव्या भागाला रक्त पुरवते, तर खालची डाव्या भागाला आणि मलाशयाच्या वरच्या भागाला. आतड्याचा रोगट तुकडा काढून उरलेली टोके शिवायची, तर दोन्ही टोकांना रक्त पोचलेच पाहिजे. नाही पोचले तर शिवण उसवते, मल पोटात पसरतो आणि रोग्याच्या जिवावर बेतते. म्हणून कोणती रोहिणी कोठे बांधावी, हा प्रश्न जीवनमरणाचा होता.

जर्मन शल्यचिकित्सक पॉल सुडेक यांनी १९०७ मध्ये मलाशयाच्या वरच्या टोकाजवळची एक जागा धोक्याची म्हणून दाखवून दिली. त्यानंतर १९१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये हॅमिल्टन ड्रमंड यांनी मृतदेहांतील रोहिण्यांत द्रव सोडून पाहिला. मधल्या शाखा बांधून टाकल्या तरी द्रव पुढे जातच होता. आतड्याच्या कडेने एक रोहिणी जाते व ती या सगळ्या शाखांना जोडते, म्हणून असे घडत होते. हमरस्ता बंद पडला तर गाडी गल्लीतून काढावी, तसाच हा प्रकार. मात्र ही गल्ली प्रत्येकाच्या शरीरात सारखी रुंद नसते, हेही पुढे कळत गेले.

आता कर्करोगाकडे वळू. लंडनमधील अर्नेस्ट माइल्स यांनी मलाशयाच्या कर्करोगासाठी ५७ रोग्यांवर केवळ खालच्या बाजूने शस्त्रक्रिया केली होती. त्यांपैकी ५४ जणांत रोग उलटला. लसिकावाहिन्यांतून रोग वरच्या दिशेनेही पसरतो, हे त्यांनी ओळखले आणि १९०८ मध्ये नवी पद्धत मांडली. पोट उघडून वरून आणि गुदद्वाराकडून खालून, अशा दोन्ही बाजूंनी मलाशय भोवतालच्या भागासह काढायचे आणि पोटावर कायमचे कृत्रिम मलद्वार करायचे. या पद्धतीने अनेकांचे प्राण वाचले. पण वाचलेल्यांपैकी कित्येकांना लघवी नीट होत नसे आणि अनेक पुरुषांची लैंगिक क्षमता जात असे. जीव वाचल्याची ती किंमत आहे, असे मानून रोगीही गप्प बसत आणि डॉक्टरही.

याचे कारण चेतांमध्ये होते. महारोहिणी जेथे दुभागते तेथे चेतांचे एक जाळे आहे. त्यातून दोन चेता निघून मलाशयाच्या डाव्या-उजव्या बाजूंनी खाली उतरतात. त्रिकास्थीच्या छिद्रांतून येणाऱ्या आणखी काही चेता त्यांना मिळतात. मूत्राशय आणि जननेंद्रिये यांचे काम या चेतांवर चालते. त्यांचे कार्य अज्ञात नव्हते. एकहार्ड यांनी १८६३ मध्येच कुत्र्यांवर प्रयोग करून त्यातला काही भाग दाखवला होता. त्या नेमक्या कोठून जातात, हे मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या डोळ्यांना दिसत नव्हते.

ही वाट दिसली ती शेजारच्या अवयवामुळे. अमेरिकेतील पॅट्रिक वॉल्श १९८१ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांना भेटले. डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीरात मूत्राशयाच्या चेतांचा माग काढत होते. प्रौढ मृतदेहात या चेता चपटलेल्या आणि भोवतालच्या ऊतींत हरवलेल्या असतात. अर्भकात त्या शरीराच्या मानाने मोठ्या व स्पष्ट दिसतात. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, आवरणाबाहेरून जननेंद्रियाकडे जाणाऱ्या चेता दोघांना दिसल्या. चेता आवरणाबाहेर असतील, तर त्या न कापता ग्रंथी काढता येईल! हा शोधनिबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील बिल हील्ड यांनी मलाशयाबद्दल एक विचार मांडला. गर्भावस्थेत मलाशय, त्याच्या भोवतीची चरबी, रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथी हे सगळे एकाच आवरणात घडते. या गाठोड्यात आणि बाहेरच्या भागात विरळ ऊतींचा एक थर असतो व त्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. पूर्वी पुष्कळ ठिकाणी हात घालून, न पाहता मलाशय सोडवले जाई. त्यात आवरण फाटे, रोगाचे कण मागे राहत आणि चेताही तुटत. त्याऐवजी डोळ्यांनी पाहत त्या थरातूनच धारदार हत्याराने कापत जावे, असे हील्ड यांचे म्हणणे होते.

या विचाराचा सर्वांत मोठा लाभ असा, की चेता या आवरणाच्या बाहेर असतात. म्हणजे रोग पूर्ण काढण्याची वाट आणि चेता वाचवण्याची वाट बहुतांशी एकच ठरली. तोक्योच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील होजो व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये चेता राखून केलेल्या शस्त्रक्रियांचे अनुभव प्रसिद्ध केले. १९९० च्या दशकात स्टॉकहोममधील शल्यचिकित्सकांना हील्ड यांची पद्धत शिकवण्यात आली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले होते. माइल्स पद्धतीची गरजही निम्म्याहून कमी झाली होती.

प्रश्न अजून संपलेला नाही. गाठ फार खाली किंवा आवरणाबाहेर पसरलेली असेल, तर आजही चेतांना इजा होते. आतड्याच्या टोकांना रक्त पोचते का, हे पाहण्यासाठी आता शिरेतून एक हिरवा रंग देतात आणि अवरक्त प्रकाशाखाली तो चमकतो. ड्रमंड यांनी मृतदेहाला विचारलेला प्रश्नच आपण आज जिवंत शरीराला विचारतो.

शरीररचनाशास्त्र म्हणजे पाठ करायची नावे, असे मुलांना वाटते. पुढच्या वेळी आकृती काढून झाली की त्यांना एक प्रश्न विचारून पाहावा: या आकृतीत आपण काय काढलेले नाही?