एका बटणात सूर आणि लय

माझ्या गिटार प्रोसेसरच्या उजव्या टोकाला एक बटण आहे. पायाने टकटक दाबलं की ते गाण्याची लय उचलतं. तेच बटण थोडा वेळ दाबून धरलं की आवाज बंद होतो, ट्यूनर उघडतो आणि पडद्यावर काटा डुलायला लागतो. काटा मधोमध थांबला, दिवा हिरवा झाला, की तार लागली. बऱ्याच प्रोसेसरांवर ही दोन कामं अशी एकाच बटणात कोंबलेली असतात. कारण साधंच आहे, पायाखाली बटणं ठेवून ठेवणार किती! मीही कितीतरी वर्षं त्याकडे सोय म्हणूनच पाहत होतो.

मग आमच्या सोसायटीच्या गणपतीची तालीम झाली. भावगीतं, जुनी हिंदी गाणी, एक तबला, एक पेटी आणि मी. पहिल्याच गाण्यात काहीतरी खुपायला लागलं. मी बटण दाबून धरलं, सहाही तारा हिरव्या. तेव्हा मी सत्तरी ओलांडलेल्या पेटीवाल्या काकांना (आज आठवलं तरी कसंतरी होतं) म्हणालो, "काका, पेटी जरा चढलीय बहुतेक. माझा ट्यूनर तर बरोबर दाखवतोय."

काका चिडले नाहीत. एक पट्टी दाबून धरली आणि म्हणाले, "हाच सूर वाजव. आणि दिव्याकडे नको बघूस, ऐक."

पहिल्या तारेवर पाचव्या फ्रेटला तो सूर मिळतो. वाजवला. दोन आवाजांच्या मधून तिसरंच काहीतरी उठलं : वांव, वांव, वांव. सेकंदाला साधारण तीन हेलकावे.

"आता पेटीच्या एकेका सुराला मी इथे बसून कानस लावू, की तू तुझ्या खुंट्या पिळतोस?"

खुंट्या पिळल्या. हेलकावे मंदावत गेले, एक लांब हेलकावा आला आणि मग सगळं सपाट झालं. ट्यूनरचा दिवा मात्र लाल. घरी येऊन मेन्यू उघडला तर आत एक आकडा होता, ज्याला मी कधी हात लावला नव्हता : ४४०. तो ४३५ पर्यंत खाली नेता येत होता आणि ४४५ पर्यंत वर. तो ४४३ केल्यावर काकांच्या पेटीशी जुळलेली गिटार हिरवी दिसायला लागली. म्हणजे 'बरोबर' हे बदलता येत होतं! मग प्रश्न पडला, ४४० तरी कोणी ठरवलं?

गंमत म्हणजे काकांनी जे करून दाखवलं, त्यानेच या आकड्याची गोष्ट पुढे सरकते. जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावात योहान शायब्लर नावाचा रेशमाचा कारखानदार होता. त्याने पन्नासहून जास्त नादकाटे बनवले, प्रत्येक शेजारच्यापेक्षा किंचित चढा. शेजारचे दोन एकत्र वाजवायचे आणि हेलकावे मोजायचे. दोन सुरांच्या कंपनसंख्येत जेवढा फरक, सेकंदाला तेवढे हेलकावे. सगळ्या फरकांची बेरीज करत गेलं की कोणत्याही सुराची कंपनसंख्या हाती येते. वीज नाही, काटा नाही, फक्त कान आणि घड्याळ. १८३४ साली श्टुटगार्टच्या शास्त्रज्ञांच्या सभेत त्याने ४४० हा आकडा सुचवला.

लगेच कोणी मानला असं नाही. नादकाटा १७११ च्या सुमारास जॉन शोअर या इंग्रज वादकाने तयार केला होता, पण काट्याने फक्त सूर सांभाळता येतो, कोणता सूर सांभाळायचा ते काटा सांगत नाही. गावागणिक सूर वेगळा. शिवाय एकोणिसाव्या शतकात वाद्यवृंद हळूहळू चढत गेले, कारण चढा सूर तेजस्वी वाटतो. तार पिळायला काय लागतं? पण गाणाऱ्यांचे गळे कुठे पिळणार! शेवटी फ्रान्सच्या सरकारने समिती नेमली. तिच्यावर रोसिनी आणि बर्लिओझसारखे संगीतकारही होते. १८५९ मध्ये ४३५ हा कायदा झाला. इंग्रजांनी त्यावर वेगळंच गणित केलं. फ्रेंच आकडा १५ अंश तापमानाचा, आमचे हॉल गरम, फुंकवाद्यं उष्णतेने चढतात, म्हणून आमचा आकडा ४३९. हा १८९६ चा हिशोब.

मे १९३९ मध्ये लंडनला परिषद भरली आणि ४४० ठरलं. युद्धाला जेमतेम चार महिने उरले असताना जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, इटली आणि हॉलंडची माणसं एका सुरावर सहमत झाली. (इंटरनेटवर ४४० हे नाझींचं कारस्थान असल्याचे लेख फिरतात. शायब्लरची तारीख त्या लोकांनी एकदा पाहावी.) ४३९ ऐवजी ४४० बरं पडण्यामागे एक तांत्रिक कारणही होतं आणि मला ते फार आवडतं. बीबीसी हा सूर क्वार्ट्झच्या स्फटिकापासून काढत असे. स्फटिकाची सेकंदाला दहा लाख कंपनं, त्यांना हजाराने भागायचं, अकराने गुणायचं, पंचविसाने भागायचं : ४४०. आणि ४३९ ही मूळ संख्या! तिला कशानेच भाग जात नाही, मग असं सोपं यंत्र बांधणार कसं? पुढे १९५५ मध्ये आणि पुन्हा १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ४४० वर शिक्कामोर्तब झालं.

आता बटणाचा दुसरा अर्धा. लयीला आकडा मिळाला तो उसनवारीतून, खरं तर उचलेगिरीतून. ॲमस्टरडॅममध्ये १८१४ साली विंकेल नावाच्या कारागिराने दोन्ही बाजूंना वजन असलेला लंबक केला. असा लंबक लहान असूनही संथ हलतो. मेल्झेलने ती कल्पना घेतली, त्यावर आकड्यांची पट्टी चढवली आणि १८१५ मध्ये पेटंट स्वतःच्या नावावर केलं. हा मेल्झेल म्हणजे बीथोव्हनसाठी कानाचे कर्णे बनवणारा माणूस. बीथोव्हनने १८१७ मध्ये आपल्या तोपर्यंतच्या आठही सिंफनींना मेट्रोनोमचे आकडे दिले. त्यातले काही इतके जलद आहेत की त्याचं यंत्रच बिघडलेलं होतं का, यावर लोक अजून वाद घालतात. आकडा दिला म्हणून भांडण मिटतंच असं नाही!

गिटारवाल्यांना मात्र लयीचा आकडा बराच काळ लागलाच नाही. टेपवर चालणारे इको, म्हणजे १९५९ चा एकोप्लेक्स किंवा १९७४ चा रोलँड स्पेस इको, यांत प्रतिध्वनी किती उशिराने येणार ते टेपच्या वेगावर आणि हेडमधल्या अंतरावर ठरायचं. वादक कानाने ऐकत ऐकत गाण्यात बसवायचा. पुढे डिजिटल डिले आले आणि वेळ मिलिसेकंदांत दिसायला लागला. साठ हजाराला लयीच्या आकड्याने भागा. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा पाऊण भाग ३७५ चा. यू-टूच्या गिटारवादकाने हे पाऊण ठोक्याचे प्रतिध्वनी जगभर पोचवले. पण रंगमंचावर उभं राहून भागाकार कोण करणार? म्हणून टॅप आलं. पायाने ठोके द्या, मधलं अंतर यंत्र मोजेल.

आणि मोजतं कशाने? पुन्हा क्वार्ट्झनेच. प्रोसेसरच्या पोटातला स्फटिक आवाजाचे सेकंदाला, समजा, ४८,००० तुकडे पाडतो. ४४० च्या सुराचं एक आवर्तन म्हणजे साधारण १०९ तुकडे, १२० च्या लयीतला एक ठोका म्हणजे २४,००० तुकडे. ट्यूनर लहान अंतर मोजतो, टॅप मोठं. काकांच्या पेटीवर ऐकलेले ते तीन हेलकावे सूर होते की लय? सेकंदाला तीन, म्हणजे मिनिटाला १८०. त्यावर टॅप करता आलं असतं.

एक गोष्ट मात्र बटणाने हिरावून घेतली. ट्यूनर लावताना आवाज बंद होतो, श्रोत्यांना काही कळत नाही. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात, रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावून थांबले तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. लावणंच इतकं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं काहीतरी रविशंकर हसत म्हणाले. हा किस्सा आपल्याकडे अडाणी श्रोत्यांवरचा विनोद म्हणून सांगतात. मला आता तसं वाटत नाही. ऐकता येईल असं काहीतरी तिथे खरंच घडत होतं.

गणपतीत मी आवाज बंद केला नाही. काकांनी पट्टी धरली, मी सगळ्यांसमोर तारा लावल्या. पुढच्या रांगेतली दोन पोरं हेलकावे थांबेपर्यंत माना डोलावत होती. तिसऱ्या गाण्यात तबला चढत गेला, माझा डिले मागे पडला, दोनदा पायाने ठोके देऊन त्याला ओढून आणलं. बाकी छान झालं.

आठवड्याने घरी संगणकावरच्या एका ट्रॅकबरोबर वाजवायला बसलो. सगळं बेसूर. केबल बदलली, तारा बदलल्या, ट्रॅक दुसरा घेतला. दिवा हिरवा. तासाभराने लक्षात आलं की आत अजून ४४३ च आहे.