उतारवयातील घटस्फोट : स्वाक्षरीपूर्वीच घर व निवृत्तिवेतनाचा निर्णय हवा

बंगळुरू : साठीनंतर विभक्त होणाऱ्या दाम्पत्यासमोर मुलांच्या ताब्याचा प्रश्न सहसा नसतो. राहते घर, निवृत्तिवेतन आणि आजारपणाचा खर्च हे प्रश्न मात्र असतात. घटस्फोटाच्या अटींत त्यांची नोंद झाली नाही, तर नंतर दाद मागणे कठीण होते.

बंगळुरूतील भाड्याच्या घरासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये हे स्पष्ट केले. पतीने सोडून दिलेली पत्नी घर रिकामे करून मागणाऱ्या घरमालकाविरुद्ध बाजू मांडू शकते, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु दरम्यान परस्परसंमतीने घटस्फोट झाला होता आणि त्याच्या अटींत निवासाचा हक्क असल्याचे दिसले नाही. त्यामुळे त्या महिलेला संरक्षण मिळाले नाही.

घराची मालकी

हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटानंतर मालमत्तेचे निम्मे वाटप होत नाही. घर ज्याच्या नावे, तोच सामान्यतः मालक ठरतो. हप्ते भरल्याचे बँकेचे पुरावे त्यामुळे महत्त्वाचे असतात. गोव्यात मात्र समान नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, पती-पत्नीचा संपत्तीत निम्मा वाटा असतो.

शहराच्या पूर्वेकडील के. आर. पुरमसारख्या भागात आणखी एक पडताळणी आवश्यक आहे. येथील नगरपालिका 2007 मध्ये महानगरपालिकेत विलीन झाली. अशा भागांत ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन प्रकारच्या खात्यांची घरे आढळतात. ‘बी’ खात्याच्या घरावर कर्ज मिळण्यात अडचणी येतात. 2023 मध्ये मेट्रो आल्याने या परिसराचे महत्त्व वाढले. तरीही एकाने घर व दुसऱ्याने रोख रक्कम घेण्यापूर्वी खाते तपासले नाही, तर वाटणी कागदावरच समान राहते.

संयुक्त गृहकर्जाची जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. पती-पत्नीतील तडजोड बँकेवर बंधनकारक नसते. कर्जातून नाव कमी करण्यास बँकेची लेखी संमती लागते.

निवृत्तिवेतन व पोटगी

केंद्र सरकारच्या सेवेतील कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर घटस्फोटित जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. न्यायालयीन विभक्ततेत विवाह कायम राहतो. त्यामुळे आयुष्यभर निवृत्तिवेतनावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने हा पर्याय वकिलाकडून समजून घेणे हिताचे ठरते.

पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये ठरवून दिले. ठेवी, भविष्यनिर्वाह निधी, विमा व दागिने यांची यादी त्यासाठी आधीच तयार असावी. मासिक पोटगी सामान्यतः करपात्र उत्पन्न मानली जाते, तर एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची समजली जाते. मासिक रक्कम देणाऱ्याच्या हयातीवर अवलंबून असू शकते, हेही विचारात घ्यावे लागते.

घटस्फोटाने मृत्युपत्र आणि बँकेतील नामनिर्देशन आपोआप बदलत नाही. ते स्वतंत्रपणे बदलावे लागते. एकत्रित आरोग्य विम्यातून बाहेर पडणाऱ्या ज्येष्ठाने नवी पॉलिसी हाती येण्यापूर्वी जुनी सोडू नये.

ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 89 वर्षीय पतीची घटस्फोटाची मागणी फेटाळली. 82 वर्षीय पत्नीला घटस्फोटित म्हणून मरण नको होते. एकाची संमती नसल्यास या वयातही लढा दीर्घ होऊ शकतो. त्या काळात निवारा व औषधोपचार कोणाच्या पैशातून होणार, हे प्रथम ठरवणे आवश्यक आहे.