निळा पडदा आणि मुक्त कंपायलर : सी शिकण्याच्या साधनाचा इतिहास

१/ सी भाषा शिकू पाहणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न भाषेविषयी नसतो, साधनाविषयी असतो. प्रोग्राम लिहायचा कशात आणि चालवायचा कशावर, तेही पदरचे पैसे न मोडता? या साध्या प्रश्नामागे चार दशकांचा इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी थोडा खुलासा. सीमध्ये लिहिलेला मजकूर संगणकाला थेट कळत नाही. त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. लिहिण्याचा एडिटर, चुका शोधणारा डीबगर आणि कंपायलर एकाच खिडकीतून हाताळता आले की ती झाली आयडीई. नवखा विद्यार्थी खिडकी पाहून निवड करतो. आत कोणता कंपायलर आहे हे पाहायचे राहून जाते.

३/ डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा याच भाषेत नव्याने लिहिला गेला. तेव्हा सीचा कंपायलर युनिक्ससोबतच मिळे. पण युनिक्सची यंत्रे विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत असत, विद्यार्थ्याच्या घरी नव्हेत.

४/ १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यावरचे कंपायलर बहुधा शेकडो डॉलरना विकले जात. १९८३ मध्ये बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कल अवघ्या ४९.९५ डॉलरला बाजारात आणले आणि एडिटर व कंपायलर एकत्र बांधून दिले. त्याच धर्तीवर १९८७ मध्ये टर्बो सी अवतरले.

५/ याच काळात दुसरा प्रवाह सुरू झाला होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यांना कंपायलर हवा होता. ॲमस्टरडॅमच्या ‘फ्री युनिव्हर्सिटी’चा एक कंपायलर वापरता येईल का, अशी विचारणा त्यांनी केली. विद्यापीठ फ्री आहे, कंपायलर नाही, अशा आशयाचे उपहासात्मक उत्तर आल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

६/ मग त्यांनी लिव्हरमोर प्रयोगशाळेतला एक कंपायलर घेऊन पाहिला. तो त्यांच्या यंत्राच्या स्मृतीत मावेना. शेवटी त्यांनी स्वतः नवा लिहिला. २२ मार्च १९८७ रोजी जीसीसीची पहिली चाचणी आवृत्ती प्रसिद्ध झाली. टर्बो सी आणि जीसीसी ही एकाच वर्षाची अपत्ये.

७/ ‘फ्री’ या इंग्रजी शब्दाने इथे बराच घोळ घातला आहे. मराठीत सुदैवाने दोन निराळे शब्द आहेत: मोफत आणि मुक्त. मोफत म्हणजे दाम पडत नाही. मुक्त म्हणजे मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची आणि बदललेली इतरांना देण्याची मोकळीक. पुढचा सारा इतिहास या भेदातून उलगडतो.

८/ भारतातील महाविद्यालयांत टर्बो सी रुजले, त्यामागे कारणे होती. प्रयोगशाळांत डॉसची साधी यंत्रे होती आणि टर्बो सी त्यांवर सुखाने चाले. जीसीसी डॉसवर आणण्याचा डीजेजीपीपी हा प्रकल्प १९८९ मध्ये सुरू झाला. त्याला किमान ३८६ जातीचे यंत्र लागे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर एक अख्खी पिढी वाढली, ती याच निळ्या पडद्यासमोर.

९/ पुढे बोर्लंडने टर्बो सीची जुनी आवृत्ती मोफत दिली. मात्र ती मुक्त केली नाही. सीचे प्रमाणीकरण १९८९ मध्ये झाले, १९९९ मध्ये त्याची मोठी सुधारित आवृत्ती आली. टर्बो सी जिथे होते तिथेच राहिले. मालकाने हात काढून घेतल्यावर ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

१०/ जीसीसीवरही अशी वेळ आली होती. त्याचे काम मंदावले, तेव्हा १९९७ मध्ये काही विकासकांनी तीच संहिता घेऊन ईजीसीएस नावाची स्वतंत्र शाखा काढली. ती इतकी सरस ठरली की एप्रिल १९९९ मध्ये तिलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता मिळाली. परवान्यातील मुक्ततेनेच ते साधन तगवले.

११/ गोठलेल्या साधनाची किंमत विद्यार्थी मोजतो. टर्बो सीमध्ये ‘इंट’ १६ बिटांचा. त्याची कमाल संख्या ३२,७६७. आजच्या नेहमीच्या संगणकांवर जीसीसीत ती २,१४,७४,८३,६४७ आहे. पडदा पुसणारे ‘क्लियरस्क्रीन’ किंवा ‘कोनिओ’ हे शीर्षकपत्र सीच्या प्रमाणात नाहीच. आणि टर्बो सीत खपून जाणारे ‘व्हॉइड मेन’ प्रमाणाला धरून नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर तर मूळ टर्बो सी चालतच नाही. डॉसबॉक्समध्ये जुन्या यंत्राचा आभास उभा करावा लागतो.

१२/ मग आज निवडावे काय? लिनक्सवर जीसीसी सहज बसवता येतो. विंडोजवर कोड::ब्लॉक्स घ्यावे, परंतु मिनजीडब्ल्यू, म्हणजे विंडोजसाठीचा जीसीसी, ज्यात आधीच आहे ती प्रत निवडावी. मॅकवर ॲपलच्या साधनांतून क्लँग मिळतो. तोही मुक्त आहे. व्हीएस कोड हा मुळात एडिटर आहे, कंपायलर वेगळा बसवावा लागतो. नवख्यांची अडचण बहुधा इथेच होते.

१३/ मराठीतून शिकायचे असल्यास आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सीवरील धडे पाहावेत. ते जीसीसी वापरूनच शिकवतात. कंपायलरचे इशारे सुरू ठेवावेत आणि ते वाचावेत. आरंभी त्रास वाटेल, पण चूक नेमकी कुठे आहे हे तेच सांगतात.

१४/ महाविद्यालयात परीक्षा टर्बो सीवर असेल तर ती तशी द्यावी. घरचा अभ्यास मात्र आजच्या कंपायलरवर करावा. समोरचे साधन कोणत्या काळातले आहे हे ओळखायचे असल्यास पहिल्याच दिवशी ‘साइझऑफ’ वापरून इंटचा आकार छापून पाहा. उत्तर २ आले, तर तुम्ही अजून डॉसच्या जमान्यात आहात. ४ आले, तर पुढच्या धड्याकडे वळायला हरकत नाही.