‘पूर्वापार’ म्हणजे नक्की किती वर्षं?

महाडचं चवदार तळं म्हटलं की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागून हजारो माणसांनी त्या तळ्याचं पाणी प्यायलं. मला या गोष्टीचा कोर्टातला उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा वाटतो. वादींचं म्हणणं असं, की अस्पृश्यांनी इथे पाणी भरायचं नाही ही पूर्वापार चालत आलेली रूढी आहे. सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ ला, मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: ही रूढी अनादि काळापासून आहे हे वादींना सिद्ध करता आलेलं नाही. थोडक्यात, ‘पूर्वापार’ म्हणता ना? मग पुरावा दाखवा!

आता गंमत बघा. त्याच १९३७ साली जी. डब्ल्यू. चिपळूणकर या भूशास्त्रज्ञांचा एक पेपर छापून आला. विषय होता मध्य प्रदेशातल्या बाघ गावाजवळचे सी-अर्चिनचे जीवाश्म. सी-अर्चिन म्हणजे काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी. बाघ महाडपासून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर. तिथे समुद्र कुठून आला?

महाडच्या आसपासचा काळा दगड लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्री आपल्याला अनादि वाटतो, पण त्यालाही जन्मतारीख आहे. बाघकडे याच लाव्ह्याच्या खाली, नद्यांनी कापून उघडे पाडलेले चुनखडीचे थर आहेत. ते सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशियस काळात, समुद्रात साचले.

तो समुद्र कसा होता, हे ठरवणं म्हणजे जुन्या सिस्टीमचे फक्त लॉग हातात असताना सिस्टीम ओळखण्यासारखं. सी-अर्चिन गोड्या पाण्यात राहत नाही, म्हणजे पाणी खारं. इथे अॅमोनाइटचे शंखही मिळतात. पण हा साक्षीदार एकटा पुरत नाही, कारण प्राणी मेल्यावर शंख तरंगत दूर जाऊ शकतो. चिखलात कोरलेली बिळं मात्र जागची हलत नाहीत. पुढे चिपळूणकर आणि आर. एम. बडवे यांनी अशा बिळांचा, माग-खुणांचाही अभ्यास केला.

इथल्या एका दगडाचं जुनं नाव ‘कोरलाइन लाइमस्टोन’. नावावरून वाटतं प्रवाळाचा, पण तो भरलाय मुख्यतः ब्रायोझोआ या चिमुकल्या, वसाहत करून राहणाऱ्या प्राण्यांच्या तुकड्यांनी. त्यांच्यावरही चिपळूणकरांनी १९३९ मध्ये लिहिलं. फरक मोठा आहे. नावावर विसंबलात तर डोळ्यांसमोर प्रवाळाची शांत, निवळ खाडी येईल. तुटलेले तुकडे आणि तिरके थर मात्र सांगतात, की पाणी उथळ होतं आणि प्रवाह जोरात होते.

आणि समुद्र आला कुठून? १८६५ मध्येच डंकन यांनी दाखवलं होतं, की बाघचे सी-अर्चिन अरबस्तानातल्यांशी जुळतात, तिरुचिरापल्लीकडच्यांशी नाही. म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात शिरलेला हा समुद्राचा फाटा पश्चिमेकडून आला होता, पूर्वेकडून नव्हे.

दगड असो की रूढी, जुनं दिसतं म्हणून कुणी ‘हे असंच होतं’ म्हणालं, तर पुरावा मागायचा. मग कधी हायकोर्टाचा निकाल मिळतो, कधी आख्खा समुद्र. :-)

महाडला गेलात तर तळं बघाच, पण जवळच्या गांधारपाले लेण्यांतही जा. भिंतीचा दगड हात लावून बघा. त्यात शिंपला सापडणार नाही. तो दगड समुद्रात साचलेला नाही, लाव्हा थंड होऊन झालेला आहे. आणि बाघचा समुद्र त्याच्याहूनही जुना!