मडगार्डखालची जागा : विलीस जीप ते फोर्स गुरखा

१/ महायुद्धकाळातील जीपचे एखादे छायाचित्र निरखून पाहावे. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा दिसते. रानवाटांचे आजचे शौकीन गॅरेजमध्ये पत्रा कापून जी जागा मिळवतात, ती या गाडीला १९४१ मध्ये जन्मतःच लाभली होती.

२/ विलीस जीपचे टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे सुमारे ६ इंच रुंद आणि १६ इंची रिमवर बसणारे होते. मडगार्ड म्हणजे जवळजवळ सपाट पत्राच. चेपला तर हातोडीने सरळ होई, चिखल अडकला तर हाताने निघे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस या जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली आणि हा सपाट पत्रा भारतीय रस्त्यांच्या ओळखीचा झाला.

३/ पुढे पुण्याजवळचा औद्योगिक पट्टा उभा राहिला. पिंपरीच्या टेल्कोने १९९१ मध्ये सिएरा आणली. तिचा पाया पिकअप ट्रकचा, पण बांधा बंदिस्त आणि शहरी. चाक आता पत्र्याच्या कमानीत बसले. देखणेपणा आला, मोकळीक गेली.

४/ मोठ्या टायरचे गणित येथेच अडते. व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्मीच उंची आसाला मिळते. उरलेली निम्मी वाढ वर, मडगार्डच्या दिशेने जाते. लिफ्ट किटने गाडी उचलली तरी खड्ड्यात स्प्रिंग पुरती दबली की चाक पुन्हा तिथेच पोहोचते. त्यातच स्टिअरिंग पूर्ण वळलेले असेल, तर टायर मडगार्डच्या मागच्या कडेला घासतो. मग ती कड कापायची, आतली शिवण ठोकून चपटी करायची, उघड्या पत्र्याला गंजरोधक रंग द्यायचा आणि बाहेर आलेल्या टायरचा चिखल उडू नये म्हणून वर रुंद पट्टी बसवायची. (रंगाचा टप्पा गाळणाऱ्याला पहिला पावसाळाच धडा शिकवतो.)

५/ शिवाय व्यास १० टक्के वाढला, तर स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६६ च्या वेगाने धावत असते.

६/ ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला : निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येणार नाही. जे काम पिढ्यान्‌पिढ्या गॅरेजचे कसब मानले गेले, त्यावर आता नोंदणी रद्द होण्याची टांगती तलवार आली. सुरक्षिततेचा मुद्दा रास्तच. परंतु चाकाखालच्या जागेचा निर्णय यामुळे मालकाच्या हातून निसटून कारखान्याच्या आराखड्याकडे गेला, हेही खरे.

७/ आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची, म्हणजे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोची, वाटचाल म्हणूनच लक्षणीय ठरते. २०२१ च्या गुरखाला २४५/७० आर१६ टायर होते. २०२४ मध्ये कंपनीनेच २५५/६५ आर१८ दिले. व्यास सुमारे ३९ मिलिमीटरने वाढला, म्हणजे आस सुमारे २० मिलिमीटरने उंचावला. तोही पत्र्याला करवत न लावता आणि नोंदणीपुस्तकाशी पूर्ण सुसंगत राहून.